स्टार्टरला खपली मारून मोटर चालवणं

पाणकळा

विहिरींना पाणी आहे तोवर शिवारात एक गोष्ट हमखास बघायला मिळते. स्टार्टरचं झाकण एका स्क्रूवर लोंबकळतंय आणि आत कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाच्या) फटीत लाकडाची खपली नाहीतर ज्वारीच्या ताटाचा तुकडा ठोकलाय. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "धरतच नाही हो स्टार्टर." मोटर फिरतेय, पाणी पडतंय, मग झाकण लावतंय कोण! पुढे तीच मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात दिसते आणि खापर फुटतं व्होल्टेजवर.

मुळात स्टार्टर म्हणजे मोठं बटण असा एक समज आहे. घरातलं बटण जिथे ठेवाल तिथे राहतं. रात्री लाईट गेली आणि पहाटे आली तर दिवा आपसूक लागतो. स्टार्टरने तसं वागायचं नसतं, आणि त्यासाठी आतली जोडणी मुद्दाम केलेली असते. ती एकदा बोटाने वायर धरून बघण्यासारखी आहे (अर्थात मेन खाली पाडून, किटकॅट, म्हणजे फ्यूज धरणारा उपसता तुकडा, काढून खिशात टाकून).

एका फेजवरून बारीक वायर निघते ती आधी लाल बटणात जाते. लाल बटण एरवी जोडलेलंच असतं, दाबलं की तुटतं. तिथून ती ओव्हरलोड रिलेच्या एका छोट्या पॉइंटमधून जाते, तोही एरवी जोडलेला. मग हिरवं बटण, हे एरवी तुटलेलं. पुढे कॉईल, आणि कॉईलचं दुसरं टोक दुसऱ्या फेजवर. शेतीच्या स्टार्टरची कॉईल बहुतेक ४१५ व्होल्टची असते, दोन फेजांमध्ये बसते, न्यूट्रलचा संबंध नाही.

हिरवं दाबलं की कॉईल लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा खाली ओढते आणि मोटरकडे जाणारे तीन मोठे पॉइंट बसतात. त्यांच्याबरोबर एक चौथा, छोटा पॉइंटही बसतो. हा हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. बोट काढलं तरी कॉईलला वीज आता या चौथ्या पॉइंटमधून मिळते, म्हणजे कॉईल स्वतःच स्वतःला धरून ठेवते. लाईट गेली की ती सुटते, आणि लाईट परत आली तरी कुणीतरी येऊन हिरवं दाबेपर्यंत काही होत नाही. मधल्या वेळात विहिरीत फुटव्हॉल्व्ह साफ करायला कुणी उतरलेला असू शकतो, पंपाच्या कपलिंगला हात लावलेला असू शकतो. ही सगळी योजना त्याच्यासाठी.

आता खपली मारल्यावर काय होतं बघा. लाल बटण दाबलं तर कॉईलची वीज जाते, पण पॉइंट लाकडाने दाबलेले आहेत, ते सुटत नाहीत. मोटरने जास्त करंट घेतला तर रिले आपलं काम चोख करतो, आपला छोटा पॉइंट उघडतो, कॉईल मरते, तरीही मोटर चालूच. रिले बोंबलतोय आणि ऐकणारं कुणी नाही.

फ्यूज आहे की, असं कुणी म्हणेल. ५ एचपीची (३.७ किलोवॅट) मोनोब्लॉक पूर्ण लोडवर साधारण साडेसात-आठ अँपियर घेते. सुरू होताना मात्र सहापट, म्हणजे ४५-५० अँपियर, काही क्षण. तो झटका सोसेल असा फ्यूज घातला की मग मोटर १२ अँपियर ओढत तासभर शिजत राहिली तरी तो गप्प बसतो. रिलेतल्या द्विधातू पट्ट्या तापायला आणि वाकायला वेळ घेतात, म्हणून त्या सुरुवातीचा झटका सोसतात आणि रेंगाळणारा जादा करंट मात्र पकडतात. मानकाप्रमाणे सेटिंगच्या १.२ पट करंट राहिला तर रिलेने दोन तासांच्या आत सोडलं पाहिजे. जास्त असेल तर त्याहून कितीतरी लवकर.

मोटर चालू तर कशानेही करता येते. स्टार्टरची किंमत तो वेळेवर सोडतो का यावर आहे, असं माझं मत. चर्चा करूया.

---

रानवारा

लेख पटला. पण दादा, माणूस हौसेने खपली मारत नाही. 'धरत नाही' याचं मूळ कारण काय असतं तेही लिहा ना. वायरमनला बोलवलं तर तो आला की पहिल्यांदा खपलीच शोधतो.

---

खटका

मी लिहितो, पॅनल बनवायच्या कामात आयुष्य गेलं आहे.

'धरत नाही' ही एक तक्रार नाही, तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. कान आणि डोळे उघडे ठेवले तर मीटरशिवाय निम्मं कळतं.

पहिली: हिरवं दाबून धरलं तोवर मोटर चालते, बोट काढलं की बंद. इथे कॉईल ठणठणीत आहे, व्होल्टेजही आहे. बिघाड चौथ्या पॉइंटमध्ये, ज्याला आम्ही होल्डिंग म्हणतो. त्यावर धूळ, मुंग्या, पालीची अंडी, काहीही सापडतं. नाहीतर त्याची वायर सैल. साफ केलं की झालं. ज्या बिघाडासाठी सर्वांत जास्त खपल्या मारल्या जातात तो हा, आणि दुरुस्तीला सर्वांत सोपाही हाच.

दुसरी: दाबलं तरी काहीच नाही, साधा 'टक्' सुद्धा नाही. मग लाल बटण नीट बसलंय का बघा, रिले ट्रिप होऊन अडकलाय का बघा (रिसेटची दांडी दाबा, पण आधी पट्ट्या गार होऊ द्या), आणि मग कॉईल. जळलेल्या कॉईलचा वास लपत नाही.

तिसरी: धरतो, पण 'टर्रर्र' असा आवाज करत थरथरतो. याचं पहिलं कारण कमी व्होल्टेज. नियमाप्रमाणे कॉन्टॅक्टर त्याच्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांवर खेचला गेला पाहिजे, म्हणजे ४१५ ची कॉईल ३५३ च्या आसपास. त्याखाली भरवसा नाही. शेतीसाठी कमी व्होल्टेजलाही धरणाऱ्या कॉईल मिळतात, पण त्यातही एक मेख आहे, खाली लिहितो.

दुसरं कारण फार थोड्यांना माहीत असतं. कॉन्टॅक्टरच्या लोखंडी गठ्ठ्याचं तोंड निरखून बघा. त्यात तांब्याची एक बारीकशी चौकोनी कडी रुतवलेली दिसेल. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि प्रत्येक वेळी चुंबक क्षणभर ढिला पडतो. त्या कडीत स्वतःचा प्रवाह तयार होतो आणि तिथलं चुंबकत्व थोडं मागे राहतं, त्यामुळे गठ्ठ्याची दोन्ही अंगं एकाच वेळी कधी ढिली पडत नाहीत. ही कडी तडकली की स्टार्टर जन्मभर टर्रर्र करणार, व्होल्टेज कितीही चांगलं असो. गठ्ठ्याच्या तोंडावर गंज किंवा कचरा असला तरी तोच आवाज.

आणि ती मेख: कमी व्होल्टेजची कॉईल बसवली की स्टार्टर ३०० व्होल्टलाही धरतो. पण मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. ४१५ च्या जागी ३०० म्हणजे ताकद जवळपास निम्मी. पंपाला पाणी तर तेवढंच उचलायचंय, मग मोटर करंट वाढवते. कॉईल धरते म्हणून मोटर सुखरूप, असं समजू नका.

अवांतर: पॉइंट काळे पडले म्हणून कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. चांगल्या पॉइंटवर चांदीच्या मिश्रधातूचा थर असतो, आणि चांदीवरचा काळेपणा वीज अडवत नाही. घासून तुम्ही थरच काढता आणि मग खाली उरलेलं तांबं खरोखर जळतं. खड्डे पडले असतील तर संच बदला.

---

भरणावळ

रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो म्हणून थोडं.

मोटर उघडली की ती कशाने मेली ते वाइंडिंग सांगतं. तिन्ही फेजांची गुंडाळी सारखीच काळी, तर ओव्हरलोड: बेअरिंग जाम, पंपात गाळ, व्होल्टेज कमी. पण काही कॉईल कोळसा आणि शेजारच्या नव्यासारख्या लाल, तर खात्रीने सिंगल फेजिंग, म्हणजे तीनपैकी एक फेज जाऊन मोटर दोनावरच चाललेली. स्टारमध्ये (तिन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेली मोटर असेल तर दोन फेज जळलेले आणि एक शाबूत. डेल्टा (गुंडाळ्या टोकाला टोक जोडून त्रिकोणात) असेल तर उलट, एक जळलेला आणि दोन शाबूत, कारण उरलेल्या दोन तारांमध्ये थेट सापडलेली गुंडाळी सगळा भार घेते.

आमच्याकडे येणाऱ्यात हा सिंगल फेजिंगचा प्रकारच जास्त. लोक म्हणतात स्टार्टर होता, तरी कशी जळली? अहो, स्टार्टरची कॉईल आर आणि वाय या दोन फेजांवर बसलीय. बी हा तिसरा फेज गेला तर तिला पत्ताच लागत नाही. मोटर फिरत असते ती फिरतच राहते, राहिलेल्या दोन तारांतला करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो, आणि रिलेचं सेटिंग कुणीतरी आधीच शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेलं असतं. सेटिंग मोटरच्या पाटीवरच्या अँपियरला लावायचं असतं, बास. 'सारखा ट्रिप मारतो' म्हणून ते वाढवणं म्हणजे खपलीच, फक्त दिसत नाही इतकंच.

---

सोनचाफा

विषय शेतीचा चाललाय पण शहरातला एक प्रश्न घुसडते, चालेल ना? आमच्या जिन्यात खाली-वर दोन बटणं आहेत आणि मधे एलईडी बल्ब. बंद केला तरी रात्री तो अगदी मंद जळत राहतो. सासूबाई म्हणतात वायरिंगमध्ये करंट उतरलाय. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन म्हणतो बल्ब चायनाचा आहे. दोघांचंही समाधान झालंय, माझं नाही.

---

खटका

ताई, घुसडा की, हेही बटणाचंच प्रकरण आहे.

जिन्यातलं टू-वे बटण मागून बघितलंत तर त्याला तीन स्क्रू असतात. मधला सामाईक. खालच्या बटणाच्या सामाईकला फेज, वरच्या बटणाच्या सामाईकवरून वायर बल्बला, आणि उरलेले दोन-दोन स्क्रू दोन लांब वायरींनी एकमेकांना जोडलेले. दोन्ही बटणं एकाच वायरीवर असतील तर दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असतील तर विझतो. कुठलंही एक बटण हलवलं की स्थिती पालटते.

याचा अर्थ दिवा बंद असतानाही त्या दोनांपैकी एक वायर जिवंत आहे, आणि मेलेली वायर पाइपात मजलाभर तिला चिकटून गेली आहे. दोन वायरी शेजारी शेजारी म्हणजे छोटासा कपॅसिटरच. त्यातून मिलिअँपियरच्या अंशाइतका प्रवाह झिरपतो. जुना साठचा बल्ब त्याला ओळखतसुद्धा नसे. एलईडी ओळखतो.

तेव्हा सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत, करंट उतरलाय खरा, पण गळतीने नाही. तरी एकदा हे तपासून घ्या की बटणावर फेजच आलाय, न्यूट्रल नाही. बटण न्यूट्रलवर असेल तर बल्ब बंद करूनही होल्डरमध्ये फेज उभा असतो. दिवा मिणमिणणं ही त्यातली किरकोळ बाब, बल्ब बदलताना शॉक बसणं ही मोठी. फेज बटणावरच असेल तर बल्बला समांतर छोटा कपॅसिटर लावून हे थांबतं, किंवा दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावला की बऱ्याचदा आपोआप थांबतं. ज्या बटणात रात्री दिसायला लाल निऑन असतो त्यानेही हेच होतं, फक्त त्यात दिवा जळत राहण्याऐवजी बऱ्याचदा अधूनमधून लुकलुकतो.

---

सोनचाफा

धन्यवाद! उघडून घेतलं त्याच्याकडून. फेज बटणावरच होता. बल्ब बदलला, मिणमिणणं गेलं. सासूबाईंना तुमचं 'करंट उतरलाय खरा' एवढंच वाक्य वाचून दाखवलं.

---

मागचा बाक

स्टार्टर म्हटल्यावर मला ट्यूबलाइटचाच आठवतो. ते पांढरं डबडं. त्याचं आणि मोटरच्या स्टार्टरचं नावापलीकडे काही नातं आहे का? आमच्या शाळेत मास्तर ट्यूब लागल्यावर स्टार्टर काढून खिशात घालायचे आणि ट्यूब तशीच जळत राहायची. वर्गाला जादू वाटायची.

---

पाणकळा

नातं आहे. दोघांचं महत्त्वाचं काम जोडण्यात नसून तोडण्यात आहे.

डबडं सोललंत तर आत काचेची बारीक कुपी मिळते आणि तिला समांतर एक चिमुकला कपॅसिटर. कुपीत निऑनसारखा वायू आणि दोन पत्त्या, त्यातली एक द्विधातूची, वाकवलेली. त्या पत्त्या एरवी एकमेकींना टेकलेल्या नसतात.

बटण दाबलं की ट्यूब अजून थंड आहे, तिच्यातून वीज जात नाही. सगळे २३० व्होल्ट कुपीवर येतात. वायू लालसर चमकतो (अंधारात डबड्याच्या भोकातून दिसतो), त्या उष्णतेने पत्ती सरळ होते आणि दुसरीला टेकते. आता चोक, ट्यूबच्या एका टोकाची फिलामेंट, स्टार्टर, दुसऱ्या टोकाची फिलामेंट अशी साखळी पूर्ण झाली. दोन्ही टोकं लाल होतात. पण पत्त्या टेकल्यामुळे कुपीतली चमक गेली, उष्णता गेली, पत्ती गार होऊन सुटते. आणि सुटण्याच्या त्या क्षणी चोक खवळतो. त्यातून वाहणारा प्रवाह अचानक तोडला की तो काही शे व्होल्टचा झटका मारतो, आणि त्या झटक्याने ट्यूबमधला वायू पेटतो.

पेटल्यावर चार फुटी ट्यूबच्या दोन टोकांत साधारण शंभर व्होल्ट उरतात. तेवढ्यात कुपी पुन्हा चमकत नाही, म्हणून स्टार्टर निवृत्त. मास्तरांची जादू ती हीच. (उरलेले १३० चोकवर जात असतील असं वाटतं, पण चोकवर मोजले तर दोनशेच्या आसपास भरतात. एसीत चोकचा आणि ट्यूबचा व्होल्टेज एका तालात नसतो, त्यामुळे साधी बेरीज लागू होत नाही.)

म्हणून ट्यूबची दोन्ही टोकं लाल राहून मधे अंधार असेल तर समजा, स्टार्टरच्या पत्त्या चिकटल्या. जोडतोय पण सोडत नाही. डबडं फिरवून काढलं तर कैकदा ट्यूब त्याच झटक्यात लागते. उलट, व्होल्टेज कमी असलं की झटका अपुरा पडतो आणि ट्यूब उघडझाप करत बसते. लग्नाच्या मांडवात जनरेटरवर बघितलं असेल.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब टाकणाऱ्यांसाठी: ट्यूबवरची आकृती वाचा. काहींसोबत बिनाकुपीचं, आत नुसता फ्यूज असलेलं डबडं येतं, तेच स्टार्टरच्या जागी बसवायचं. काहींना चोक आणि स्टार्टर दोन्ही बाद करून थेट फेज-न्यूट्रल लागतं. अंदाजाने लावू नका.

---

रातपाळी

सगळं वाचलं. छान लिवलंय. आता माझं ऐका. आमच्याकडं एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रातीची. मळा गावापासून लांब, वाटंत ओढा, बिबट्याचा वावर. रातीला लाईट कवा येईल आन कवा जाईल नेम न्हाई. तुमचा स्टार्टर 'कुणीतरी येऊन हिरवं दाबेपर्यंत' वाट बघणार. ते कुणीतरी म्हंजे मी. म्हनून ऑटो बसवलंय. लाईट आली की मोटर आपोआप. महावितरणवाले म्हनत्यात ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा. कपॅसिटर लावला. ऑटो काढनार न्हाई.

---

खटका

तुम्हाला काढा म्हणून कोण कोणत्या तोंडाने सांगणार! रात्री दोनला ओढा ओलांडायला मी येणार नाही.

पण महावितरण ते का सांगतं तेही बघा. एका डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) वीस मोटरी आहेत आणि सगळ्यांना ऑटो आहे. लाईट आली त्याच क्षणी वीसही मोटरी सहापट करंट मागतात. व्होल्टेज कोसळतं, कुठलीच मोटर वेग धरत नाही, त्यामुळे तो सहापट करंट उतरतही नाही. मग कुठला तरी फ्यूज जातो, बहुतेक वेळा तिनांपैकी एकच. आणि एक फेज गेला की पुढचं भरणावळकाकांनी वर लिहिलंय.

म्हणून ऑटो ठेवायचंच असेल तर उशिरा चालू होणारं घ्या. लाईट आल्यावर एकाने दोन मिनिटं थांबायचं, शेजाऱ्याने तीन, असं डीपीवर ठरवून घेतलं तर सगळ्यांच्याच मोटरी वाचतात. सोबत फेज बघणारा आणि पाणी संपलं की बंद करणारा संच हवा. आता मोबाईलवरून चालू-बंद होणारे स्टार्टर निघालेत, त्यात हे सगळं एकत्र मिळतं. घेताना मात्र एक विचारा: फेज गेल्याचं तो व्होल्टेज बघून ठरवतो की करंट बघून? कारण फिरती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, तेही बऱ्यापैकी. पॅनलवरचे तिन्ही दिवे लागलेले आणि एक फेज गायब, असं मी कैकदा बघितलंय. करंट बघणारा फसत नाही.

आणि ऑटो लावलं असेल तर विहिरीत उतरण्याआधी किटकॅट काढून खिशात. लाल बटणावर विसंबायचं नाही.

---

रातपाळी

दोन मिनिटं-तीन मिनिटंवाली गोष्ट पटली. डीपीवर बोलून बघतो. ऐकतील असं वाटत न्हाई, पर बोलतो.

---

नवशेती

साडेसात एचपीची सबमर्सिबल घ्यायचीय. दुकानदार म्हणतो तीन वायरची घ्या, शेजारी म्हणतो सहा वायरची घेऊन स्टार-डेल्टा लावा. फरक काय पडतो?

---

खटका

सहा वायर म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांची दोन्ही टोकं वर आलेली. स्टार-डेल्टा स्टार्टर आधी त्या स्टारमध्ये जोडतो, तेव्हा प्रत्येक गुंडाळीला ४१५ ऐवजी २४० मिळतात, लाईनमधला करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो. काही सेकंदांत मोटर वेगात आली की डेल्टात बदलतो. फुकट काहीच नाही, सुरुवातीची ताकदही तिसऱ्या हिश्श्यावर येते. सेंट्रिफ्यूगल पंपाला ते चालतं, कारण कमी वेगात त्याला ताकद लागतच नाही. पिठाच्या गिरणीला भरल्या पोटी चालू करायला चालणार नाही.

डीपी जवळ आणि व्होल्टेज चांगलं असेल तर तीन वायर, साधा स्टार्टर, केबलही स्वस्त. लांब लाईन, कमी व्होल्टेज असेल तर शेजाऱ्याचं ऐका. एक खबरदारी: स्टार-डेल्टात रिले गुंडाळीच्या वाटेवर बसवलेला असेल तर त्याचं सेटिंग पाटीवरच्या अँपियरच्या ०.५८ पट लावायचं. पूर्ण अँपियरला लावून ठेवलेले खूप सापडतात, तो रिले असून नसल्यासारखा.

---

ऊनसावली

आम्हाला सौरपंप मिळालाय. पॅनलपासून कंट्रोलरपर्यंतच्या वायरीत घरातलंच १६ अँपियरचं जुनं बटण टाकलं तर चालेल का? बंद करायला सोयीचं पडेल.

---

पाणकळा

अजिबात नको. घरातलं बटण एसीसाठी आहे. बटण उघडताना पॉइंटमध्ये ठिणगी पडते ती एसीत लगेच विझते, कारण प्रवाह सेकंदाला शंभर वेळा स्वतःच शून्यावर येतो. आतली स्प्रिंग पत्ती 'खट्' करून झटक्यात उघडते ती त्याच ठिणगीला ताणून तोडण्यासाठी. पॅनलकडून येते ती डीसी, आणि पाच एचपीच्या पंपाला शेकडो व्होल्टची. ती शून्यावर येतच नाही. ठिणगीचा जाळ होतो, तो तुटत नाही, बटण वितळतं. डीसीचा आयसोलेटर वेगळा मिळतो, त्यावर डीसीचा व्होल्टेज छापलेला असतो. तोच लावा, आणि भर उन्हात उघडण्याआधी कंट्रोलरवरून पंप बंद करा.

सौरपंपाला आपल्या अर्थाचा स्टार्टर लागत नाही. कंट्रोलर मोटरला शून्यापासून हळूहळू वेगात नेतो, सहापट झटक्याचा प्रश्नच येत नाही.

---

रानवारा

मंडळी, धागा वर काढतोय. काल संध्याकाळपासून मोटर नुसती घुमते, फिरत नाही. स्टार्टर धरतोय, म्हणजे कॉईल ठीक. दोनदा दाबून बघितलं, मग सोडून दिलं. गावात काही घरांत दिवे चांगले आहेत, काहींत एकदम मिणमिणते.

---

खटका

सोडून दिलंत ते उत्तम केलंत. उभ्या मोटरला दोन फेजवर ठेवलं तर ती फिरत नाही आणि सुरुवातीचा सगळा करंट ओढत राहते. मीटर आहे का? मोटर बंद ठेवून, मेन स्विचच्या वरच्या बाजूला दोन-दोन फेजांत मोजा. सवय नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या.

---

रानवारा

वायरमनकडून मोजून घेतलं. आर-वाय ३५५, वाय-बी ३५८, आर-बी जेमतेम ६. न्यूट्रलशी वाय २३८, बाकी दोन १२० च्या आसपास.

---

खटका

मग तुमच्या शिवारात काहीच बिघडलेलं नाही. हा आकडा ओळखीचा आहे. ११ केव्हीच्या बाजूचा एक डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, गेला की डीपी असाच वागतो: एक फेज पूर्ण, दोन फेज निम्मे, आणि त्या दोन निम्म्या फेजांत जवळपास शून्य. निम्म्या फेजवरच्या घरांत मिणमिणते दिवे. तुमची कॉईल आर-वायवर आहे, तिला ३५५ मिळतात, म्हणून ती धरते.

वर चढून हात लावायचा विचारही नको, लाईनमनला कळवा. शेजारच्या मोटरवाल्यांनाही सांगा, विशेषतः ऑटोवाल्यांना, त्यांच्या मोटरी आत्ताही घुमत असतील.

---

रानवारा

लाईनमनला फोन झाला, सकाळी येतो म्हणाला. शेजारच्या दोघांचे किटकॅट काढून आलो. तिसऱ्याच्या स्टार्टरला खपली होती, ती पण काढली.